गोरख केबलवाल्याचे तीन पडदे

गोरखचं आडनाव विचाराल तर उत्रोलीतल्या अर्ध्या लोकांना सांगता यायचं नाही. पण ‘गोरख केबलवाला’ म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा हाताला धरून त्याच्या दारात आणून सोडेल. गंमत अशी, की गावातली केबल बंद होऊन सहा वर्षं झाली. धंदा गेला, नाव तेवढं चिकटून राहिलं.

शहाण्णव साली तिशीला टेकलेल्या गोरखनं घराच्या छपरावर जाळीची भलीमोठी डिश बसवली, तेव्हा लोक ती बघायला चपला काढून वर चढले होते. मग वायर निघाली. चिंचेवरून देवळाच्या खांबावर, तिथून रेशन दुकानाच्या पत्र्यावर, तिथून भातखाचरांच्या बांधावर रोवलेल्या बांबूंवरून थेट वरच्या आळीपर्यंत. खांद्यावर काळ्या वायरीचं भेंडोळं, कमरेला पकड आणि सायकलच्या दांड्याला आडवी बांधलेली शिडी असा हा माणूस पंचवीस वर्षं गावातून फिरला. पावसात फिरला, तापात फिरला, एकदा तर स्वतःच्या साखरपुड्याच्या पंगतीतून उठून गेला, कारण पाटलांच्या टीव्हीवर मुंग्या आल्या होत्या.

“गोरख, शेजारी दिसतंय आन आमच्यात न्हाई,” हे वाक्य त्यानं जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. एकाच्या घरात सिनेमा आणि दुसऱ्याच्या घरात मुंग्या, हा त्याच्या लेखी घोर अन्याय होता. सावकार असो नाहीतर शेळ्या राखणारा, चित्र सारखंच दिसलं पाहिजे. त्यासाठी त्याच्याकडं एक हुकमी वस्तू होती, स्प्लिटर. एका वायरीच्या दोन करायच्या, दोनाच्या चार. पुढं हायवेला सारोळ्याच्या एका हॉटेलात दोन नवे टीव्ही एकाच सेट-टॉप डबीवर चालवायचे होते, तेव्हा त्यानं नव्या पद्धतीचा स्प्लिटरही घेतला. तो आजही त्याच्या पिशवीत असतो. कुणी तब्येत विचारली तरी तो आधी पिशवी चाचपतो.

मग घरोघरी छोट्या छत्र्या आल्या, मग मोबाईल आले, आणि गोरखच्या वायरीवर कावळे तेवढे बसायला लागले. एका शुक्रवारी त्यानं छपरावरची डिश उतरवून भंगारात घातली. त्याच दिवशी वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीला, त्याच्या बायकोच्या, सुलक्षणाबाईंच्या माहेरी गायीला गोऱ्हा झाला. सुलक्षणाबाईंनी फोनवर ऐकलं आणि म्हणाल्या, “एक डिश गेली, एक आली.” गोऱ्ह्याचं नाव डिश्या पडलं ते असं. त्याच आठवड्यात तिथल्याच दुसऱ्या गायीला हरण्या झाला. डिश्याची आई आठव्या दिवशी गेली, म्हणून सुलक्षणाबाईंनी त्याला टेम्पोत घालून उत्रोलीला आणला आणि बाटलीनं दूध पाजून वाढवला. हरण्या पासलीला त्यांच्या धाकट्या भावाकडं, चिमाजीकडं राहिला.

दोघं मोठे झाले आणि छकड्याला जुंपले. आणि काय सांगायचं, पळाले की. एक बहिणीचा, एक भावाचा. एकमेकांशिवाय दुसऱ्या कुठल्या बैलाबरोबर जू म्हणून घ्यायचे नाहीत. शर्यतीच्या मैदानात ‘पासलीची जोडी’ म्हणून लोक ओळखायला लागले. भाऊबहिणीचं बोलणंही वाढलं, कारण बोलायला विषय मिळाला. एरवी भाऊबीजेला दोन तास येणारा चिमाजी आता आठवड्यातून दोनदा उत्रोलीला येऊन चहा पिऊ लागला.

पण यंदाच्या हंगामात ग्रह फिरले. तीन मैदानांत जोडी फायनलला गेली आणि तिन्ही वेळा निशाणावर, म्हणजे शेवटच्या रेषेवर, तोंडाला तोंड येऊन निकाल समोरच्याचा झाला. तिन्ही वेळा पंचांच्या नजरेवर निकाल. चिमाजीचं डोकं सटकलं. तो मुळात सरळ माणूस. भात लावावं, बैल पळवावा, कुणाच्या अध्यातमध्यात नसावं. पण सरळ माणूस एकदा वाकड्यात शिरला की त्याला काढणं अवघड.

“दाजी, पंच गाव बघून निकाल देत्यात,” तो गोरखला म्हणाला. “आमी डोंगरातली मानसं, आमाला कोन विचारतंय. उत्रोलीचं मैदान शेवटचं. तिथंबी असंच झालं, तर सोमवारी हरण्याला दिऊन टाकनार. गिऱ्हाईक बगून ठेवलंय म्या.”

सुलक्षणाबाई चहा गाळत होत्या. त्यांचा हात थांबला. हरण्या गेला म्हणजे जोडी गेली, डिश्या दावणीला बसून राहणार, आणि भाऊ पुन्हा वर्षातून दोन तासांचा पाहुणा होणार. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी भैरवनाथाला रोज नारळ कबूल करायला सुरुवात केली. यात्रा येईस्तोवर नारळ अकरावर गेले.

इकडं उत्रोलीच्या यात्रा कमिटीलाही आपली काळजी होती. गेल्या वर्षी फायनलच्या निकालावरून मैदानात खुर्च्या उडाल्या होत्या आणि यंदा परवानगी मिळवताना कमिटीच्या नाकीनऊ आले होते. अध्यक्ष इंद्रजित, पस्तिशीचा, पांढऱ्या कपड्यांतला, बोलताना हात हलवणारा. त्यानं ठरवलं, यंदा निकाल कॅमेऱ्यावर. पंच म्हणून रखमाजी आबाच राहतील, त्यांच्याइतका मान कुणाला नाही, पण त्यांच्या डोळ्यांना आता मदत हवी. कॅमेऱ्याचं काम राजनंदिनीला दिलं. ती गावचीच मुलगी. भोरात तिचं व्हिडिओचं दुकान आहे, लग्नं आणि मैदानं दोन्ही ती सारख्याच मन लावून टिपते. आणि वायरी ओढायला कोण? गावात वायर म्हटलं की अजूनही एकच नाव.

गोरखला निरोप आला तेव्हा तो दोन दिवस हवेत होता. सहा वर्षांत कुणी सीसीटीव्हीची एखादी वायर, कुणी लग्नाचा माईक, यापलीकडं काम सांगितलं नव्हतं.

“काका, उद्या मी डॉकिंग स्टेशन घेऊन येते, तुम्ही जागा करून ठेवा,” राजनंदिनीनं फोनवर सांगितलं.

स्टेशन म्हटल्यावर गोरखनं मंडपात चांगली दहा बाय दहाची जागा झाडून घेतली आणि उतरवायला दोन माणसं सांगून ठेवली. दुसऱ्या दिवशी बाई स्कूटीवरून आल्या आणि पर्समधून एक चपटी काळी डबी काढून टेबलावर ठेवली. तंबाखूच्या डबीपेक्षा जराशी लांब. उतरवायला आलेले दोघं चहा पिऊन गेले.

“हे व्हय स्टेशन?” गोरख म्हणाला.

“हेच. बघा काका, ह्या लॅपटॉपला चित्र बाहेर काढायला तोंड एकच आहे. त्याला ह्या डबीची ही एक शेपटी लावायची. मग डबीच्या मागच्या तोंडांतनं तीन पडदे जोडायचे. लॅपटॉपचं चार्जिंगसुद्धा ह्याच्यातूनच होतं.”

गोरखनं डबी उलटीपालटी करून बघितली. मागं ओळीनं भोकं होती. त्याला एकदम आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं. “म्हंजी स्प्लिटरच की.”

“स्प्लिटर नाही. स्प्लिटर सगळीकडं एकच चित्र देतो. हे तिन्ही पडद्यांवर तीन वेगळी चित्रं देतं.”

“वेगळी कशापायी?” गोरखनं विचारलं, आणि त्याच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं.

राजनंदिनीनं समजावलं. एक पडदा मंडपात, आबांच्या पुढ्यात. शर्यत संपली की त्याच्यावर निशाणाचं चित्र अगदी सावकाश, पाऊल पाऊल करत दिसणार, आणि ते फक्त आबांनीच बघायचं. दुसरा माऊलीपुढं. माऊली म्हणजे माईकवर मैदान गाजवणारा समालोचक. त्याला गाड्यांची यादी हवी, नाहीतर तो मागच्या गटातले बैल पुढच्या गटात पळवतो. आणि तिसरा मैदानातला मोठा पडदा, लोकांसाठी. त्याच्यावर चालू शर्यत दाखवायची, पण निकालाचं सावकाश चित्र चुकूनही नाही. हा इंद्रजितचा कडक हुकूम होता. लोकांना ते दिसलं तर हजार माणसं हजार पंच होतील, आणि पुन्हा खुर्च्या उडतील.

“एकाला दावायचं आन हजारांना न्हाई,” गोरख पुटपुटला. “ह्याला काय अर्थ हाय?” पण काम ते काम. त्यानं वायरी ओढल्या. मोठा पडदा मंडपापासून शंभरेक पावलांवर होता. एवढ्या लांब नेहमीची वायर नेली तर चित्र वाटेतच मरतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं दोन्ही टोकांना एकेक डबी लावून नेटची वायर वापरली आणि बैलाचा पाय अडकू नये म्हणून ती सबंध मातीत पुरली. संध्याकाळी तिन्ही पडद्यांवर तीन चित्रं दिसली. राजनंदिनी खूश झाली. गोरखनंही मान हलवली, पण तीन टीव्हींवर तीन चित्रं काही त्याच्या गळी उतरली नाहीत.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून गट सुटत होते. पासलीची जोडी गट पास झाली, सेमी पास झाली. चिमाजी जोडीपाशीच होता. सुलक्षणाबाई बायकांच्या बाजूला, धावपट्टीच्या उजव्या अंगाला, निशाणाच्या वीसेक पावलं अलीकडं एका टेम्पोच्या हौद्यात उभ्या होत्या. आणि गोरख मंडपात डबीजवळ स्टूल टाकून बसला होता. बायकोचं काय चाललंय ते त्याला तिथूनही कळत होतं, कारण त्याच्या मनातही तेच चाललं होतं. घरातली दावण, दारात येणारा मेहुणा, बायकोचा चेहरा, सगळं एका धावेवर आलं होतं.

फायनलच्या तोंडावर जनरेटर बंद पडला. दोन मिनिटांत तो पुन्हा सुरू झाला, पण त्या दोन मिनिटांत गर्दी पुढं सरकली आणि निशाणाजवळच्या कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी कुणीतरी हलवली. राजनंदिनी तिकडं पळाली. पळता पळता ओरडली, “काका, मोठा पडदा आला नाही बघा. तेवढं बघा.”

मंडपातले दोन्ही पडदे आले होते. मोठा मात्र काळा ठिक्कर. गोरखनं पुरलेल्या वायरीच्या टोकाची डबी बघितली, तिचा दिवा लागलेला. म्हणजे वायर ठीक होती. मग राजनंदिनीच्या स्टेशनच्या तोंडातूनच चित्र येत नव्हतं. बाहेरून आवाज यायला लागले, “अरं पडदा लावा. गोरख, पडदा गेला.” पंचवीस वर्षांची सवय हो. हात आपोआप पिशवीत गेला. त्यानं आबांच्या पडद्याची वायर काढून स्प्लिटरला दिली. स्प्लिटरचं एक टोक आबांना, दुसरं मैदानाला. आबांच्या पडद्यावर त्या वेळी मैदानच दिसत होतं, तेच क्षणात मोठ्या पडद्यावर उमटलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. गोरख परत स्टुलावर बसला, आणि खरं सांगायचं तर छाती जराशी फुगवूनच बसला.

राजनंदिनी धापा टाकत आली. लॅपटॉपवर तिला दोनच पडदे जोडलेले दिसले. तिला वाटलं मोठा बंदच राहिलाय, आणि धावपट्टीकडची बाजू सोडली तर मंडपाला तिन्ही बाजूंनी कापड असल्यामुळं आतून मोठा पडदा दिसत नव्हता. “राहू दे आता, झेंडा पडायला आलाय,” ती म्हणाली आणि कामाला लागली. गोरखला वाटलं, आपल्या कामाबद्दल ती काही बोलली नाही, एवढंच.

झेंडा पडला. सात गाड्या सुटल्या. माऊलीला यादी बघायला उसंतच मिळाली नाही, तो नुसता “पासली, सारोळे, पासली, सारोळे” करत राहिला. बाकीच्या पाच गाड्या निम्म्यातच मागं पडल्या. दोन जोड्या धुरळ्यातून एकत्र निघाल्या आणि एकत्रच निशाण ओलांडून गेल्या. मैदानात कुणालाच काही कळलं नाही, आणि म्हणूनच सगळे एकदम ओरडू लागले.

मंडपात रखमाजी आबा चष्मा पुसून पडद्यासमोर सरकले. “दाव पोरी.”

राजनंदिनीनं चित्र मागं घेतलं आणि पाऊल पाऊल पुढं सरकवायला सुरुवात केली. आणि त्याच क्षणी बाहेरचा गलका एकदम थांबला. गोरखनं कापड बाजूला करून बघितलं. मोठ्या पडद्यावर तेच चित्र, तस्संच, सावकाश सरकत होतं. आबा बघत होते ते सगळं मैदान बघत होतं. गोरखच्या तोंडचं पाणी पळालं. इंद्रजितनं जे चुकूनही होऊ नये म्हटलं होतं, तेच त्यानं आपल्या हातानं करून ठेवलं होतं. तो वळला आणि स्प्लिटरमधून मैदानाला जाणारं टोक त्यानं चिमटीत धरलं. नुसतं ओढायचं होतं.

“आबा,” इंद्रजित खाली वाकून म्हणत होता, “लई जवळचं हाय. बरोबरीत काडून टाका. सुलक्षणाकाकी आपल्या गावची सून, त्यांचंबी मन राहील आन सारोळ्यालाबी काय म्हनता यायचं न्हाई.”

“मला तर पासलीच म्होरं वाटली होती,” आबा म्हणाले. त्यांचा सूर मऊ झाला होता.

गोरखनं पडद्याकडं बघितलं. चित्र नुकतंच निशाणावर येऊन थांबलं होतं. सारोळ्याच्या आतल्या बैलाचं तोंड चुन्याच्या रेषेवर टेकलेलं. डिश्याचं तोंड चार बोटं मागं. बरोबरी नव्हती. कुणाच्याही डोळ्याला बरोबरी नव्हती.

बोटांत वायर होती. लोकांच्या नीट नजरेत भरायच्या आत ओढली, तर बाहेर पडदा काळा, आत आबांचा शब्द, आणि संध्याकाळी पासलीची जोडी गुलालात. हरण्या विकला जाणार नाही. घरात हसणं परत येणार. नाही ओढली तर सगळं गेलं, आणि तेही आपल्या हातानं. गोरखला रडू फुटायचं बाकी होतं. पण बाहेर हजार माणसं गप्प उभी राहून चित्र बघत होती, आणि बघणाऱ्याचं चित्र घालवायचं काम त्याच्या हातानं आजवर एकदाही झालं नव्हतं. ते त्या दिवशीही झालं नाही. त्यानं चिमूट सोडली.

“आबा, भाईर बी दिसतंय,” तो म्हणाला. “समद्यांना. माझी चूक झाली.”

आबा उठले, कापड सारून बाहेर आले आणि मोठ्या पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. इतके मोकळे झालेले आबा गोरखनं कधी बघितले नव्हते. “लई ब्येस झालं,” ते म्हणाले. “आता माझ्या डोळ्यांचा प्रश्नच ऱ्हायला न्हाई.” त्यांनी माऊलीच्या हातातून माईक घेतला आणि सारोळे पहिली, पासली दुसरी असा निकाल दिला. एक खुर्ची हलली नाही. ज्यांनी स्वतः बघितलं ते भांडणार कुणाशी?

इंद्रजितनं गोरखला झापायला तोंड उघडलं होतं, पण बाहेरची शांतता बघून ते अर्ध्यावरच मिटलं. “काका, तुमी म्हंजी ना,” एवढंच म्हणून तो बक्षिसाच्या तयारीला गेला. राजनंदिनीनं टेबलाखाली वाकून स्प्लिटर बघितला आणि कपाळाला हात लावला.

एवढ्यात चिमाजी आला. मागोमाग सुलक्षणाबाई. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. गोरख उभा राहिला.

“चिमाजी, वायर माझ्या हातात होती,” तो म्हणाला. लपवण्यात काही राम नव्हता. “ओडली असती तर आबा बरोबरीत काडत व्हते. म्या न्हाई ओडली.”

चिमाजी पडद्याकडं वळला. मग राजनंदिनीला म्हणाला, “पुन्यांदा लाव. मागनं लाव, लांबनं.”

तिनं लावलं. निशाण चाळीस पावलांवर असताना डिश्या आणि हरण्या चक्क मानेएवढे पुढं होते. तीस पावलांवरही पुढं होते. आणि मग वीस पावलांवर, हरण्याची मान खाली ताणलेली असताना, डिश्याचं डोकं वर उठलं. कान टवकारले. तोंड उजवीकडं वळलं. पुढच्या दहा पावलांत होतं नव्हतं ते सगळं अंतर गेलं.

“थांबव,” चिमाजी म्हणाला. “ह्यो उजवीकडं काय बगतोय? तिकडं काय हाय?”

उजवीकडं बायकांची बाजू होती. उजवीकडं टेम्पो होता. गोरखला कळलं आणि त्यानं बायकोकडं बघितलं. सुलक्षणाबाईंचा पदर खाली आला.

“म्या हाक मारली त्याला,” त्या बारीक आवाजात म्हणाल्या. “पेंडीच्या टायमाला मारते तशी. म्हनलं हुरूप येईल.”

चिमाजी हळूहळू खाली बसला, गोरखच्याच स्टुलावर. “आक्का,” तो म्हणाला, “मागल्या तीन मैदानांना तू कुठं हुभी होतीस?”

सुलक्षणाबाईंनी बोटं मोडत विचार केला. “अशीच. निशानाच्या जरा अलीकडं. तिथनं चांगलं दिसतं.”

“आन हाक?”

“मारली की. तिन्ही टायमाला मारली.”

चिमाजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. गोरखला वाटलं हा रडतोय, आणि तो पुढं झाला. पण चिमाजी हसत होता. हंगामभर पंचांना शिव्या घालून आंबलेला माणूस पोट धरून हसत होता. “तीन गावच्या पंचांचा उद्धार केला म्या,” तो म्हणाला. “तीन गावच्या. आन फॉल्ट आमच्याच घरात.” डोळे पुसत त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि तिथंच गिऱ्हाइकाला फोन लावला. “न्हाई हो, बैल द्यायचा न्हाई. न्हाई म्हनलं ना. जोडी पळतीया माझी.” फोन ठेवून बहिणीला म्हणाला, “पुडच्या मैदानाला तू निशानाच्या पल्याड हुभी ऱ्हा. पल्याड, ध्यानात ठेव. आन तिथनं मार हाक.”

तेवढ्यात बाहेर, बायकांच्या बाजूनं, हसण्याची मोठी लाट उठली. कुणीतरी ओरडलं, “सुलक्षणे, अगं तुझ्याकडंच बघतोय की गं त्यो.” सगळ्यांना एकदम आठवण झाली. स्प्लिटर अजून कुणी काढलाच नव्हता. मघापासून आत चाललेलं सगळं चित्र, डिश्याचं उठलेलं डोकं, टवकारलेले कान, मोठ्या पडद्यावर थांबून राहिलं होतं, आणि सबंध मैदान मान वर करून ते बघत होतं.

बायकोचं हसं होतंय हे बघून गोरख ओशाळला. तो लगबगीनं वाकला आणि वायरीला हात घातला.

“ऱ्हाऊ द्या,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. त्या कापडाच्या फटीतून पडद्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा असा होता की पहिला नंबर आला असता तरी तसा झाला नसता. “बघू द्या समद्यांना. हरला न्हाई त्यो. मला ओ दिली त्यानं.”